एक्सरे, प्लास्टर आणि कलम चौदा

ॲडेलिन पिटका बर्च निवासात राहायला आली, तेव्हा सामानातून सगळ्यांत आधी उतरली ती कुत्र्यांची पेटी. पलंग दुसऱ्या दिवशी आला.

पेटी तिच्या जुन्या ट्रकवरची होती. जाड प्लायवूडची, दोन कप्प्यांची, आणि प्रत्येक दाराला कुत्र्याचं तोंड बाहेर येईल एवढं भोक. चाळीस वर्षं हिच्यात बसून ॲडेलिनची कुत्री स्लेजच्या, म्हणजे कुत्र्यांनी ओढायच्या बर्फगाडीच्या, शर्यतींना गेली होती. आता ती पेटी दिवाणखान्यात टीव्हीच्या जागी बसली आणि टीव्ही न्हाणीघरात गेला. टीव्हीने तक्रार केली नाही.

पेटीत पेंढा होता, आणि पेंढ्यात एक्सरे आणि प्लास्टर.

एका वेतातल्या सगळ्या पिल्लांची नावं एकाच विषयावरून ठेवायची, ही स्लेज हाकणाऱ्यांची रीत. ॲडेलिनकडे आजवर मासे झाले होते, पत्त्यांचे डाव झाले होते, एकदा बायबलमधली वाईट माणसंही झाली होती (त्या वेतातली कुत्री स्वभावाने फार गरीब निघाली). हे वेत झालं त्याच आठवड्यात तिचा उजवा गुडघा बदलला, त्यामुळे विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. भूल, टाका, सलाईन आणि वॉर्ड ही चार पिल्लं युकॉन नदीवरच्या तिच्या गावी, भाच्याकडे राहिली. मोठी कुत्रीही त्यानेच घेतली. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता लाकडं फोडायची नाहीत, पाणी वाहायचं नाही, स्लेजवर उभं राहायचं नाही. म्हणजे गावात करण्यासारखं जे काही होतं ते करायचं नाही. म्हणून फेअरबँक्स शहरात, वृद्धांच्या या इमारतीत, तळमजल्यावर.

भाच्याने उरलेली दोन पिल्लंही मागितली.

"मी म्हातारी झालेय," ॲडेलिन म्हणाली, "मेले नाही."

खरी गोष्ट अशी की कुत्र्यांच्या आवाजाशिवाय ती जन्मात कधी झोपली नव्हती. इस्पितळातल्या सहा रात्री सोडून. आणि त्या रात्री ती झोपलीच नव्हती.

बर्च निवासाचे व्यवस्थापक प्रेस्कॉट तिसऱ्या दिवशी आले. पंचेचाळिशीचा नीटनेटका माणूस. नियमांची वही त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेली असायची, आणि ती पिशवी दुसऱ्या पिशवीत.

"पिटकाबाई, नियमाप्रमाणे एका खोलीत एकच प्राणी."

"दाखव कुठे लिहिलंय."

प्रेस्कॉटनी पिशवीतून पिशवी काढली, पिशवीतून वही काढली आणि पान उघडलं. थोडा वेळ वाचलं. मग आणखी थोडा वेळ वाचलं.

"'एका खोलीत एक क्रेट' असं आहे," ते म्हणाले.

"मग मोज की."

प्रेस्कॉटनी पेटी मोजली. एक भरली. तिच्या दोन भोकांतून दोन तोंडं त्यांच्याकडे बघत होती.

"हे क्रेट नाही. क्रेट तारेचं असतं. आत गादी असते. यात गवत आहे!"

"पेंढा आहे. गवत ओलं होतं, पेंढा कोरडा राहतो. तू हिवाळ्यात कधी कुत्र्याबरोबर झोपलायस?"

प्रेस्कॉट झोपले नव्हते. ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"ठीक आहे," वही पुन्हा पिशवीत घालत ते म्हणाले, "पण कलम चौदा बघून ठेवा. साठ दिवसांत परीक्षा. बाहेरून तज्ज्ञ येतात. दार लावल्यावर प्राणी पेटीत गप्प बसला पाहिजे. गालिच्यावर डाग नको. आणि मागच्या अंगणात, पिवळ्या झेंड्यांच्या मधे, मालकाच्या हुकमावर, दहा मिनिटांच्या आत त्याला विधी उरकता आला पाहिजे. यांतलं एक जरी चुकलं, तरी आठवड्यात प्राणी बाहेर." जरा थांबून ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुमच्या भाच्याकडे सोय आहेच ना. त्यांनाही बरं वाटेल, मोकळं."

"त्यांना काय वाटतं ते मी त्यांना विचारेन," ॲडेलिन म्हणाली. "तुला काय वाटतं ते तुला विचारलं नव्हतं."

समोरच्या खोलीतली एफी हे सगळं दार किलकिलं करून ऐकत होती. एफी पंचाऐंशीची, समुद्रकाठच्या युपिक लोकांच्या गावातली. बिंगो आणि दुसऱ्यांची भांडणं, हे दोनच कार्यक्रम ती कधी चुकवत नसे.

"साठ दिवस!" प्रेस्कॉट गेल्यावर ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याला शिकवायला मला तीस वर्षं लागली. आणि तो शेवटपर्यंत कच्चाच राहिला."

पेटीचं शिक्षण एका दुपारी झालं. खरं तर ते शिक्षण नव्हतंच. पिल्लांची आई, तिची आई आणि तिचीही आई याच पेटीत वाढल्या होत्या. पिल्लं आत शिरली, तीन वेळा गोल फिरली आणि घोरायला लागली. ॲडेलिनने दार लावलं, दार उघडलं, दोघांना वाळवलेल्या सामन माशाचा एकेक तुकडा दिला. दुसऱ्या दिवशी दार उघडं ठेवलं तरी पिल्लं बाहेर येईनात.

राहिला विधी.

गावात हा प्रश्न कधी आलाच नव्हता. कुत्री अंगणात असतात; अंगण मोठं असतं. पण शर्यतीला जाताना पाचशे मैलांच्या रस्त्यावर कुत्री पेटीत घाण करत नाहीत, हे ॲडेलिनला माहीत होतं, कारण तिनेच त्यांना तसं शिकवलेलं होतं. दर चार तासांनी ट्रक थांबवायचा. इंजिन बंद करायचं. कुत्री उतरवून ट्रकभोवतीच्या साखळ्यांना अडकवायची. काही बोलायचं नाही. सगळ्यांचं उरकलं की परत पेटीत. चाळीस वर्षांत ही पद्धत एकदाही फसली नव्हती. जी पद्धत फसत नाही ती बदलायची नाही, असं ॲडेलिनचं मत होतं. गुडघ्याचा अपवाद तिने केला होता आणि तेवढा पुरे होता.

दिवाणखान्यातली पेटी रोज सहा वेळा ट्रकवर चढवणं शक्य नव्हतं, म्हणून पिल्लं ट्रकच्या पुढच्या सीटवर बसायची. ॲडेलिन इमारतीला एक फेरी मारायची, पिवळ्या झेंड्यांपाशी थांबायची, इंजिन बंद करायची आणि दार उघडायची. एक्सरे उडी मारून झेंड्यांच्या मधे बसायची. प्लास्टर तिच्या शेजारी. दोघं एकदम उरकायची, जोडीने जुंपल्यासारखी.

दोन आठवड्यांत गालिच्यावर थेंब पडेनासा झाला; आधीचे ॲडेलिनने घासून पार काढून टाकले.

या फेऱ्यांचा एक दुष्परिणाम असा झाला की बर्च निवासातले इतर लोक ट्रकमध्ये येऊन बसायला लागले. आधी एफी आली. मग दुसऱ्या मजल्यावरचे दोघं. इमारतीला एकच फेरी मारून सगळे आहेत तिथेच उतरायचे, पण त्यांना फिरून आल्यासारखं वाटायचं.

"आज रस्ता चांगला होता," असं म्हणून एफी घरी जायची.

मग डिसेंबरमध्ये एका सकाळी ॲडेलिन विचार करत बसली. परीक्षेला ट्रक कशाला हवा? झेंडे तर मागच्या दारापासून वीस पावलांवर. ती पिल्लांना साखळी लावून पायीच घेऊन गेली. "चला," ती म्हणाली.

पिल्लं बसली. नुसती बसली. पार्किंगकडे बघत बसली.

अर्धा तास झाला. ॲडेलिनच्या पापण्यांवर बर्फ धरलं. पिल्लं नम्र चेहऱ्याने वाट बघत होती. एखादी बस येणार आहे आणि तिची वेळ आपल्यालाच माहीत आहे, अशी. शेवटी ॲडेलिनने त्यांना ट्रकमध्ये बसवलं, फेरी मारली, इंजिन बंद केलं. दोघांनी तत्काळ उरकलं.

"फेरी लागते त्यांना," एफीने निदान केलं. "पोट हलावं लागतं. माझ्या सासूचं असंच होतं."

पण फेरीही लागत नव्हती. त्याच आठवड्यात ॲडेलिन पुन्हा पायी गेली असताना टपालाची गाडी झेंड्यांजवळ येऊन थांबली. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि तो पार्सल घेऊन उतरला. पिल्लं उठली, दोन पावलं पुढे गेली आणि एकदम खाली बसली.

ॲडेलिन हसली. गुडघा बदलल्यापासून पहिल्यांदाच एवढी हसली. पिल्लांना ट्रकचं काही नव्हतं, फेरीचं नव्हतं. त्यांना इंजिन बंद पडल्यावरची शांतता लागत होती. ती झाली की मोकळं व्हायचं, हे त्यांनी पक्कं ओळखून ठेवलं होतं.

"अगं, मग आता मोड ना ती सवय!" एफी म्हणाली. "अजून महिना आहे."

"का मोडू?"

"परीक्षेत काय सांगशील?"

"परीक्षेत विचारलंय, कुत्रं ठरलेल्या जागी विधी करतं का. करतं. हुकमावर करतं का. करतं. चांगलं शिकलेलं कुत्रं कागदासाठी बिघडवू का मी? उद्या ते म्हणतील, म्हातारी दारातून वाकडी आत येते, तिला सरळ चालायला शिकवा."

"तू वाकडीच चालतेस."

"आणि पोचते."

 एफी गोल कडक बिस्किटावर लोणी फासत बसली.

परीक्षेच्या दिवशी पारा उणे चाळीसवर होता. हे एकच तापमान असं आहे की तिथे अमेरिका आणि बाकीचं जग यांच्या तापमापकांचा आकडा एक येतो. एरवी त्यांचं जमत नाही. गाड्यांचा धूर वर जायचा सोडून जमिनीवरच पडून राहिला होता. इमारतीतल्या गाड्या रात्रभर विजेच्या खांबांना जोडलेल्या होत्या, इंजिनं गोठू नयेत म्हणून.

ॲडेलिनचा ट्रक सोडून. सकाळी सात वाजता तिने किल्ली फिरवली, तर ट्रकमधून एक लहानसा खोकला आला आणि पुढे काही नाही. तिने वायर बघितली. वायर खांबापासून निघून ट्रकपर्यंत पोचत होती, पण मधे एके ठिकाणी ती नव्हती. आदल्या संध्याकाळी वायर तासभर घरात गुंडाळून ठेवली होती, तेवढ्यात प्लास्टरने तिच्यातला हातभर भाग खाल्ला होता, आणि रात्री अंधारात जोडताना ते कळलं नव्हतं.

"विजेचा धक्का कसा नाही बसला याला?" एफी म्हणाली.

"घरात ती जोडलेली नव्हती," ॲडेलिन म्हणाली. "याचं नशीब वायरीपेक्षा लांब आहे."

नऊ वाजता प्रेस्कॉटची गाडी आली. त्यांनी विमानतळावरून तज्ज्ञबाईंना आणलं होतं. त्यांचं नाव टेसा. वय तिशीच्या आत, आणि अंगावर इतके कपडे की हात शरीराला टेकत नव्हते. प्रेस्कॉटनी गाडी आपल्या खास जागी उभी केली. खास जागा झेंड्यांच्या अगदी शेजारी होती, पण तिथे विजेचा खांब नव्हता. त्यामुळे इंजिन चालू ठेवूनच ते आत आले.

पहिला भाग पेटीचा. ॲडेलिन म्हणाली, "आत," आणि पिल्लं आत गेली. दार लावलं. अर्धा तास टेसाने घड्याळ बघितलं, प्रेस्कॉटनी पेटी बघितली, आणि पेटीतून घोरण्याशिवाय काही आलं नाही.

दुसरा भाग गालिच्याचा. टेसाने पडदे ओढले आणि जांभळा दिवा लावून गुडघ्यांवर सगळी खोली पालथी घातली. या दिव्यात डाग चमकतात. गालिचा काळाभोर राहिला. फक्त एका ठिकाणी हिरवट चमकलं. तिथे प्रेस्कॉटचे बूट होते.

"पार्किंगमध्ये कोणाचं तरी कुत्रं असेल," प्रेस्कॉट घाईने म्हणाले.

"पुढे चला, आजी," टेसा हसू दाबत म्हणाली.

पुढे म्हणजे अंगण. पिवळ्या झेंड्यांच्या मधे पिल्लं बसली. रात्री अकरानंतर त्यांचं काही झालेलं नव्हतं, ते त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. प्लास्टरचे मागचे पाय थरथरत होते. एक्सरे प्रेस्कॉटच्या गाडीकडे अशी बघत होती, जशी माणसं बंद खिडकीवरच्या कारकुनाकडे बघतात. गाडी घुरघुरत होती. टेसाने घड्याळ सुरू केलं.

"हुकूम द्या, आजी."

ॲडेलिन प्रेस्कॉटकडे वळली. "गाडी बंद कर."

"काय?"

"गाडी. बंद कर."

"पिटकाबाई, उणे चाळीस आहे! बंद केली तर परत सुरू नाही होणार. आणि गाडीचा इथे संबंध काय?"

ॲडेलिनने संबंध सांगितला. ट्रक, इंजिन, शांतता, टपालाची गाडी, सगळं सांगितलं. त्यात तीन मिनिटं गेली. टेसाने ऐकता ऐकता मान तिरकी केली. प्रेस्कॉटनीही ऐकलं, पण वेगळ्या आनंदाने.

"म्हणजे ती शिकलेली नाहीत," ते म्हणाले.

"तुझ्यापेक्षा शिकलेली आहेत. बंद कर."

"नाही."

"पाच मिनिटं झाली," टेसा म्हणाली.

"अरे बाबा, मिनिटभर बंद कर," ॲडेलिन म्हणाली. " मिनिटात काय गोठतंय?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

मागच्या दारात एफी घोंगडी पांघरून उभी होती. "तत्त्व गोठत नाही का रे चाळीसला?" ती ओरडली.

"सात," टेसा म्हणाली. प्लास्टर बारीक कुंईकुंई करायला लागला. पण जागचा हलला नाही. एक थेंब नाही.

ॲडेलिनने त्याच्याकडे बघितलं. पाच महिन्यांचं पोर, फुटायची वेळ आलेली, आणि तरी धरून बसलंय, कारण तिने तसं शिकवलंय. आजवर तिला पुष्कळ लोकांनी सांगितलं होतं की आता पुरे. डॉक्टरांनी सांगितलं, भाच्याने सांगितलं, या वहीने सांगितलं. कोणीच ओरडून सांगितलं नव्हतं. सगळे गोडच बोलले होते, आणि गोड बोलून एकेक गोष्ट तिच्या हातून काढून घेत गेले होते. आधी कुऱ्हाड, मग बादली, मग स्लेज.

"सव्वाआठ."

तिने साखळी टेसाच्या हातात दिली. आणि ती चालायला लागली. बर्फावरून, नव्या गुडघ्यावर, वाकडी. प्रेस्कॉट "पिटकाबाई, अहो, पिटकाबाई" करत मागून आले, पण बर्फावर धावायची त्यांना सवय नव्हती. दोनदा त्यांनी हवेत हात पसरले. ॲडेलिनने गाडीचं दार उघडलं, आत हात घातला आणि किल्ली फिरवली.

इंजिन थांबलं.

उणे चाळीसमध्ये शांतता पडते ती वजनदार पडते. तिच्यात आधी एफीचा श्वास ऐकू आला, आणि मग झेंड्यांच्या मधून एक बारीक, न संपणारा आवाज. एक्सरे आणि प्लास्टर शेजारीशेजारी बसली होती. वाफेचे दोन खांब वर चढत होते आणि तिसऱ्या मजल्याच्या खिडकीपर्यंत जाऊन एकमेकांत मिसळत होते. हे बराच वेळ चाललं. टेसाने एक पाय उचलून बाजूला ठेवला.

"नऊ मिनिटं वीस सेकंद," ती म्हणाली. "दोघंही. झेंड्यांच्या आत."

"ही फसवणूक आहे!" प्रेस्कॉट गाडीत घुसले आणि त्यांनी किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. त्यांना त्याचं फार वाईट वाटलेलं दिसलं.

"इथे एक रकाना आहे," टेसा कागद चाळत म्हणाली. "'वापरलेला हुकूम.' काय लिहू, आजी?"

"लिही, 'गाडी बंद कर.'"

"पण तो हुकूम कुत्र्यांना नव्हताच!" प्रेस्कॉट गाडीतून ओरडले. "तो मला होता!"

"हो ना," ॲडेलिन म्हणाली. "तू ऐकला नाहीस. त्यांनी ऐकला."

टेसाने लिहिलं. रकाना लहान होता, तिने अक्षर बारीक काढलं. मग कागद प्रेस्कॉटपुढे धरला, कारण व्यवस्थापकाच्या सहीशिवाय तो पुरा होत नव्हता.

प्रेस्कॉट गाडीतून उतरले. त्यांनी पिशवीतून पिशवी काढली, तिच्यातून वही, आणि तिथेच थंडीत उभं राहून कलम चौदा पहिल्या शब्दापासून वाचलं. मग परत वाचलं. इंजिन बंद करू नये असं कुठे लिहिलं असेल, तर ते शोधत होते. नव्हतं. त्यांच्याबद्दल एवढं सांगायला हवं की नियमात नसलेली गोष्ट नियमात आहे असं ते म्हणाले नाहीत. म्हणू शकले असते. त्यांचं तोंड तसं दोनदा उघडलंही.

"कलम बदलावं लागेल," शेवटी ते म्हणाले.

"बदल. पुढच्या साठ दिवसांनी परत ये. आम्ही इथेच आहोत."

"आणि तो पेंढा..."

"पेंढाही इथेच आहे."

प्रेस्कॉटनी दात आवळून पेन काढलं आणि कागदावर टेकवलं. पेन उमटलं नाही. शाई गोठली होती. त्यांनी ते झटकलं, हातमोज्यात चोळलं, तोंडात धरून बघितलं. कागदावर नुसते ओरखडे उठले. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरलं.

"सही होत नाहीये," ते म्हणाले. "माझा इलाज नाही. सोमवारी बघू."

ॲडेलिनने पार्क्याच्या, म्हणजे अंगावरच्या जाड कोटाच्या, खिशातून पेन्सिलीचा बोटभर तुकडा काढला. नदीकाठच्या गावात हिवाळ्यात कोणी पेन बाळगत नाही.

"घे."

प्रेस्कॉटनी पेन्सिलीकडे बघितलं, टेसाकडे बघितलं. टेसा कागद धरून उभी होती. तिच्या मुठीतली साखळी प्लास्टर चावत होता. दारातून एफी म्हणाली, "कर रे लवकर, माझे पाय गेले."

त्यांनी सही केली. मोठी, रागाची, कागद फाटेल अशी.

"लक्षात ठेवा," पेन्सिल परत देत ते म्हणाले, "पेन्सिलीने केलेलं खोडता येतं."

ॲडेलिनने टेसाच्या हातातून साखळी घेतली, कागदही घेतला, घडी करून पार्क्याच्या आत, अगदी आतल्या कपड्यात ठेवला, आणि पिल्लांना घेऊन दाराकडे वळली.

"ये ना मग," ती मागे न बघता म्हणाली. "खोडून दाखव."